‘प्रेस’ या शब्दाची भानगड



‘आपल्याला कुठे इंग्रजी येते?’ असे आपण म्हणतो खरे, पण ‘प्रेस’ हा शब्द ज्याला ठाऊक नाही असे घर आता गावात सापडायचे नाही. पोराचा शाळेचा सदरा ‘प्रेस’ करायचा असतो. लग्नपत्रिका तालुक्याच्या ‘प्रेस’मध्ये छापायला टाकायची असते. वऱ्हाड-खानदेशातला शेतकरी कापसाची गाडी जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात उभी करून रात्र काढतो. ऊसवाला कारखान्यातून ‘प्रेसमड’ आणून रानात पसरतो. आणि मोर्चा निघाला की पुढे फोटो काढायला ‘प्रेसवाले’ हजर असतात. इस्त्री, छापखाना, कापसाची गाठ, उसाचा गाळ आणि वर्तमानपत्र! या पाच जणांची भावकी काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

आठवी-नववीतल्या मुलाने शब्दकोश उघडला तर त्याची आणखी पंचाईत होते. ‘प्रेस’ हे क्रियापद तिथे असते आणि त्यापुढे अर्थ दिलेले असतात: दाबणे, पिळणे, घाई करणे, आग्रह करणे, गळ घालणे. त्याच्या खाली, मोठा शब्दकोश असेल तर, तेच अक्षरलेखन पुन्हा एकदा वेगळ्या क्रमांकाने येते आणि तिथे अर्थ असतो, ‘सक्तीने नोकरीत ओढणे’. मुलाला वाटते, छापणाऱ्याची चूक झाली. ती चूक नाही. दिसायला सारखे असले तरी ते दोन निराळे शब्द आहेत, आणि त्यांतल्या दुसऱ्याची कथा आपल्या गावच्या व्यवहाराला फार जवळची आहे. पण आधी पहिल्याची सांगतो.

पहिला ‘प्रेस’ हा लॅटिन भाषेतला. रोमन लोकांच्या या भाषेत ‘प्रेमेरे’ असे क्रियापद होते. उच्चारावरून कोणी प्रेमाशी नाते जोडू नये. त्याचा अर्थ दाबणे, चेपणे. त्यापासून पुन्हा पुन्हा दाबणे या अर्थी ‘प्रेस्सारे’ झाले, ते फ्रेंचांकडे गेले आणि फ्रेंचांकडून चौदाव्या शतकाच्या आसपास इंग्रजीत आले.

रोमन लोक दाबत काय होते? द्राक्षे आणि ऑलिव्ह. म्हणजे हा शब्द मुळात शेतावरचाच. केटो नावाचा एक रोमन पुढारी होऊन गेला. त्याने इ. स. पूर्व १६० च्या सुमारास शेतीवर एक पुस्तक लिहिले. लॅटिन गद्यातले आज संपूर्ण उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुस्तक तेच. त्यात द्राक्षे-ऑलिव्ह दाबण्याची खोली किती लांबरुंद असावी, तुळई कशी बसवावी, दोर किती लागतात, याची मापे दिलेली आहेत. त्या वेळची रीत म्हणजे एक लांबलचक तुळई. तिचे एक टोक भिंतीत अडकवायचे, दुसरे दोराने रहाटावर ओढून खाली आणायचे आणि मध्ये द्राक्षांचा ढीग ठेवायचा. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या लेखकाने स्क्रूच्या दाबयंत्राची नोंद केली आहे. लाकडी मळसूत्र फिरवायचे, फळी हळूहळू खाली येते आणि रस निघतो. आपल्याकडे बैल जुंपलेला लाकडी चरक असे, त्याचे काम तेच, फक्त तो ऊस लाटांमधून काढतो आणि त्यांचे यंत्र वरून चेपते.

पंधराव्या शतकात जर्मनीतल्या माइन्झ गावी गुटेनबर्ग याने धातूचे सुटे खिळे जुळवून छपाई सुरू केली, तेव्हा खिळ्यांवर कागद सारखा दाबायचा कसा, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर द्राक्षांच्या प्रदेशात डोळ्यांसमोरच उभे होते. मळसूत्राचे ते दाबयंत्रच छपाईला लागले. त्याचे बायबल १४५५ च्या सुमाराचे. रस काढणाऱ्या यंत्राचे नाव असे छापखान्याला मिळाले, छापखान्याचे नाव तिथे छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्राला मिळाले, आणि तेच वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या माणसालाही चिकटले. मोटारसायकलवर ‘प्रेस’ लिहून हिंडणाऱ्या तरुणाला हे एकदा सांगायला हरकत नाही.

आपल्या मुलखात हे यंत्र आले गोव्यात, १५५६ साली. जहाज ॲबिसिनियाकडे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे जायचे होते. यंत्र मात्र गोव्यातच राहिले आणि भारतातला पहिला छापखाना तिथे झाला. त्याच गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले, पण रोमन अक्षरांत, कारण आपल्या लिपीचे खिळे तिथे नव्हते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ काढले, ते तर शेतकरी-कष्टकऱ्यांचे गाऱ्हाणे मांडण्यासाठीच.

कापसाची गाठ आणि प्रेसमड यांचे काय? रुई म्हणजे हवाच. सुटी भरली तर ट्रकमध्ये मावणार नाही. म्हणून ती यंत्राने दाबून तिची गाठ बांधतात. आपल्याकडची हल्लीची गाठ १७० किलोची. प्रेसमड म्हणजे उसाचा रस शुद्ध करताना खाली बसलेला गाळ. पूर्वी तो दाबयंत्रातून गाळून काढत, म्हणून ‘प्रेस’चा ‘मड’. आता बहुतेक कारखान्यांत फिरती गाळणी असते, पण नाव राहिले. (ताजा प्रेसमड तसाच उसाच्या बुडख्याशी टाकू नका, आधी कुजवून घ्या, हे जाता जाता सांगतो. सवय जात नाही.)

या घराण्याची पोरेबाळे पुष्कळ आहेत. कुकरचे आणि ठिबकचे ‘प्रेशर’ हे त्यांतलेच. ‘प्रिंट’ हा शब्दही त्याच मुळाचा. रेडिओवर बंगालच्या उपसागरातले ‘डिप्रेशन’ सांगतात, ते म्हणजे हवेचा दाब खाली बसलेला पट्टा. वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असला की हवामान खाते हा शब्द वापरते. माणसाचे मन खाली दबले की डॉक्टरही हाच शब्द वापरतात.

‘एक्सप्रेस’ची गंमत वेगळी. मूळ अर्थ दाबून बाहेर काढणे. ठसा दाबला की आकृती स्पष्ट उठते, म्हणून पुढे अर्थ झाला स्पष्ट, ठरावीक. आणि त्यावरून एकाच ठरावीक कामासाठी धाडलेला जासूद किंवा सोडलेली गाडी. वेग हा नंतर चिकटलेला अर्थ आहे. पाणीपुरवठ्याच्या पंपासाठी स्वतंत्र ओढलेल्या वीजवाहिनीला आपण ‘एक्सप्रेस फीडर’ म्हणतो, तिथे मूळ अर्थ अजून शाबूत आहे. वीज काही त्या तारेतून जास्त पळत नाही.

‘ऑप्रेस’ म्हणजे जुलूम करणे. इंग्रजाने दाबण्यावरून जुलूम बनवला आणि आपण पिळण्यावरून पिळवणूक बनवली. ना त्यांनी आपल्याला विचारले, ना आपण त्यांना. उसाचे चिपाड पाहिले की कोणत्याही मुलखातल्या माणसाला तीच उपमा सुचत असावी. ‘गळचेपी’ही त्याच जातीची.

आता दाबण्यावरून आग्रहावर येऊ. हाताने दाबायचे ते शब्दांनी दाबले की ‘प्रेस’चा अर्थ होतो गळ घालणे, पाठीस लागणे. इंग्रजीत आग्रह करण्याचे आणखी एक क्रियापद आहे, ‘अर्ज’. आपण तहसिलीत देतो तो अर्ज नव्हे. तो अरबी-फारसीतून आलेला, विनंतीचा. इंग्रजी ‘अर्ज’ लॅटिन ‘उर्गेरे’पासून आला. त्याचा अर्थ ढकलणे, रेटणे, मागून हाकणे. ‘अर्जंट’ हा त्याचा सख्खा भाऊ: जे काम मागून ढकलते ते अर्जंट. तेव्हा ‘अर्ज अर्जंट आहे’ असे आपण म्हणतो त्यात पहिला शब्द एका खंडातला आणि दुसरा दुसऱ्या खंडातला.

आपला ‘आग्रह’ मात्र ना दाबतो ना ढकलतो. संस्कृतात ‘ग्रह’ म्हणजे धरणे, पकडणे. संग्रह, ग्रहण ही त्याचीच पोरे. आग्रह म्हणजे धरून ठेवणे. म्हणून आपण आग्रह ‘धरतो’, आणि मनधरणीतही मन धरायचेच असते. पंगतीत पाहुणा पानावर आडवा हात धरतो आणि वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो, तो आग्रहाचा सगळ्यात निरुपद्रवी प्रकार. सत्याग्रहातही हाच शब्द आहे. सत्य घट्ट धरून बसायचे, दुसऱ्याला दाबायचे नाही.

इथवर हे सगळे सरळ आहे. आता तो दुसरा ‘प्रेस’.

जुन्या फ्रेंच भाषेत ‘प्रेस्त’ असा शब्द होता. अर्थ उसने, कर्ज. लॅटिन ‘प्राएस्तारे’, म्हणजे पुरवणे, हाती देणे, यावरून तो आला. दाबण्याशी याचा काडीचा संबंध नाही. इंग्रजीत याचे ‘प्रेस्ट’ झाले. राजाला सैनिक किंवा खलाशी हवे असत, तेव्हा त्यांच्या हातावर आगाऊ काही पैसे ठेवत. ते ‘प्रेस्ट’चे पैसे. आपल्या भाषेत सांगायचे तर इसार. बैलाचा इसार घेतला की बैल दुसऱ्याला विकता येत नाही, तसे ते पैसे घेतले की माणूस राजाचा झाला. अशा माणसाला ‘प्रेस्ट’ झालेला माणूस म्हणत.

पुढे सोळाव्या शतकात मौज झाली, म्हणजे शब्दाची मौज, माणसांची नव्हे. भरती करणारे पैशापेक्षा दांडगाईच जास्त वापरू लागले. लोकांना ‘प्रेस्ट’ आणि ‘प्रेस’ यांतला फरक कळेना. माणूस चेपूनच नेतात ना, मग ‘प्रेस’च म्हणा. ‘ट’ गळून पडला, इसाराचा शब्द सक्तीचा झाला, आणि दोन शब्द एकाच कपड्यात वावरू लागले.

इंग्लंडच्या आरमाराने हा कारभार दीडदोनशे वर्षे चालवला. ‘प्रेस गँग’ नावाच्या टोळ्या बंदराच्या गावांतून रात्री हिंडत. दर्यावर्दी दिसणारा माणूस गुत्त्यात किंवा रस्त्यात सापडला की धरून जहाजावर टाकत. कित्येकदा व्यापारी जहाज वर्ष-दोन वर्षांनी घरी परतत असे आणि किनारा दिसायच्या आतच त्यावरचे खलाशी उतरवून युद्धनौकेवर नेत. घरची माणसे धक्क्यावर वाट पाहत राहत. हातावर एक शिलिंग ठेवला की भरती कायदेशीर झाली, असा समज होता. त्यावरून एक कथा तिकडे अजून सांगतात, की भरती करणारे दारूच्या पेल्यात गुपचूप शिलिंग टाकत आणि पेला तोंडाला लावला की ‘तू पैसे घेतलेस’ म्हणून धरत. म्हणून लोक काचेच्या तळाचे पेले वापरू लागले. कथा खरी असेलच असे नाही, पण लोकांच्या मनात कशाची भीती होती ते तिच्यावरून कळते. मार खाण्यापेक्षा नकळत पैसे घेतले जाण्याची भीती मोठी होती.

नेपोलियनशी चाललेल्या लढायांत तर या आरमाराने अमेरिकेच्या जहाजांवरचेही हजारो खलाशी ओढून नेले. १८१२ च्या जूनमध्ये अमेरिकेने इंग्लंडशी युद्ध पुकारले, त्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. १८१५ साली नेपोलियनचे प्रकरण मिटले आणि त्यानंतर या धरपकडीची गरज उरली नाही.

‘प्रेस्ट’ मात्र एका ठिकाणी अजून जिवंत आहे, आणि ते ठिकाण म्हणजे सरकारी कचेरी. कार्यालयात किरकोळ खर्चासाठी एक ठरावीक रक्कम आगाऊ ठेवलेली असते, तिला ‘इम्प्रेस्ट’ म्हणतात. आमचे लिपिक तो शब्द ‘इंप्रेस’ असाच उच्चारतात. त्यांचे हसू करू नये. इंग्लंडातल्या लोकांनी चारशे वर्षांपूर्वी नेमके तेच केले होते.

आता आपल्याकडे वळू. आगाऊ पैसे हातावर ठेवून माणूस बांधून घेण्याला मराठीत एक शब्द आहे आणि तो तुम्हाला मी सांगायला नको. ‘उचल’.

पावसाळा सरत आला की बीड, जालना, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतल्या गावांत मुकादम हिंडू लागतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. कोयत्याला अमुक इतकी उचल ठरते. त्या पैशात मागचे देणे फिटते, मुलीचे लग्न होते, दवाखान्याचे बिल भागते. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड कारखान्याच्या फडावर. मग तोडलेल्या उसाच्या टनामागे जी मजुरी होईल ती उचलीतून वळती होते. कोयता एखादा दिवस बसला तर ‘खाडा’ कापतात. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षी. म्हणजे पुढच्या वर्षी कुठे जायचे ते आधीच ठरलेले. कोणी दंडाला धरून नेत नाही, पण पाय दुसरीकडे वळत नाहीत. इंग्रजी भाषेला ‘प्रेस्ट’ आणि ‘प्रेस’ यांतला फरक का टिकवता आला नाही, ते फडावर गेले की कळते.

आणखी एक गोष्ट भगिनींनी ध्यानात घ्यावी. कोयता दोघांचा असतो, पण उचल बहुधा एकाच्या हातात पडते. हिशेबही त्याच्याच नावावर राहतो. पहाटे उठून भाकरी थापणारी, मग मोळ्या बांधणारी आणि डोक्यावर वाहणारी बाई वहीत कुठेच नसते. पैसे किती घेतले, हेही तिला पुष्कळदा भांडण झाल्यावर कळते.

उचल देणे-घेणे हा काही गुन्हा नाही. पण त्या पैशापायी माणसाला दुसरीकडे कामाला जाता येईना, गाव सोडता येईना, किंवा फुकट वा नाममात्र मजुरीवर राबावे लागले, तर त्याला कायद्यात नाव आहे. आपल्या जुन्या ‘वेठी’चेच ते. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टी’वरून आलेला शब्द, अर्थ सक्तीचे काम. ‘बिगार’ फारसीतून आला. दोन्ही जोडून आपण ‘वेठबिगार’ केले, जणू एका शब्दाने जुलूम पुरता सांगून होत नव्हता. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला मनाई केली आहे. त्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात ‘बेगार’ हाच शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. इंग्रजीत इतके शब्द असून आपल्या दुःखाला नेमका शब्द त्यांना आपल्याकडूनच घ्यावा लागला.

वेठबिगार पद्धत मोडणारा कायदा १९७६ चा, आणि त्याचा अंमल २५ ऑक्टोबर १९७५ पासून. त्यात अशा बांधून घेणाऱ्या कर्जाची बाकी रद्द ठरते. हे कर्ज तसले नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नाही. सक्ती करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दाद जिल्हाधिकाऱ्यांकडे मागायची. जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समित्या असाव्यात असेही कायदा सांगतो.

‘सक्ती’ म्हणजे नेमके काय, हा शब्दाचाच प्रश्न १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामे चालू होती. मजुरांची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे. त्यातला रुपया जमादार कमिशन म्हणून कापून घेत आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. कोणी मारझोड केली नव्हती, मजूर आपल्या पायांनी आले होते. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालात म्हटले आहे की दुसरा काही मार्ग नाही म्हणून भुकेपोटी पत्करलेली कमी मजुरी हीसुद्धा सक्तीच, आणि किमान मजुरीपेक्षा कमी देऊन करून घेतलेले काम हे २३ व्या कलमाखाली वेठीचे काम. माझ्या मते शब्दाचा अर्थ इतक्या नेमकेपणाने कोणत्याही शब्दकोशाने सांगितलेला नाही.

म्हणून उचल घ्यायची वेळ आलीच तर चार गोष्टी करा. तारीख, रक्कम, कोणाच्या हाती दिली, साक्षीला कोण, हे शाळेच्या वहीत का होईना लिहून ठेवा. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका. वळत्या झालेल्या मजुरीची पावती दर पंधरवड्याला मागा. आणि ती वही नवरा-बायको दोघांना वाचता येईल किंवा मुलाकडून वाचून घेता येईल अशा जागी ठेवा.

हे वाचून ऊसतोडीला न जाणाऱ्या बागायतदाराने मान डोलवून पान उलटू नये. गुढीपाडव्याला तुमच्या ओट्यावर सालगड्याचे साल ठरते तेव्हा तुम्हीही उचल देता. त्याचा हिशेब तुमच्या डोक्यात असतो आणि त्याच्या कपाळात. वर्षभर त्याने काय घेतले, काय फिटले, याची एक प्रत त्याच्याकडे असते का? काही घरांत असते, मी पाहिली आहे. बहुतेक घरांत नसते. आणि तुम्ही स्वतःही कोणाच्या तरी वहीत असताच. उधारीवर खत-औषध देणारा दुकानदार कापूस घरात आला की ‘माल आमच्याकडेच घाला’ म्हणतो, तेव्हा तो ‘प्रेस’ करतो की ‘प्रेस्ट’ वसूल करतो, ते ओळखा. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारतात, त्याला ‘लिंकिंग’ म्हणतात. त्याला मनाई आहे. पक्की पावती घ्या आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रार चहाबरोबर विरघळते.

या सगळ्यात एक क्रियापद राहिले, आणि ते आम्हा विस्तारवाल्यांचे आहे. ‘पर्स्वेड’, म्हणजे पटवून देणे. ‘पर’ म्हणजे पुरेपूर आणि ‘स्वादेरे’ म्हणजे सल्ला देणे. हे ‘स्वादेरे’ ज्या मुळापासून आले त्याच मुळापासून लॅटिनमधला गोड या अर्थाचा शब्द आला, इंग्रजीतला ‘स्वीट’ आला आणि आपल्या संस्कृतातला ‘स्वादु’ही आला. म्हणजे पटवणे हे मुळात गोडी लावणे आहे. आपल्याकडे गोड बोलून फसवण्यालाही तयार शब्द आहेतच. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे गावोगाव भेटतात. ते झाड गुडघ्याएवढे, त्यामुळे पडून हाडे मोडत नाहीत, एवढाच दिलासा.

खऱ्या पटवण्याचे एक उदाहरण आमच्या अभ्यासात असते. १९०३ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या टेरेल गावी सीमन नॅप या कृषितज्ज्ञाने सरकारी शेत मागितले नाही. वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्याच रानात, त्याच्याच हातांनी सुधारित पद्धतीने पीक घ्यायचे ठरवले. तोटा आला तर तो भरून देण्याची हमी गावातल्या व्यापारी मंडळींनी पैसे जमवून दिली. पीक चांगले आले आणि त्या पैशाला हात लावावा लागला नाही. पुढे कापसाच्या बोंडातल्या सोंड्या भुंग्याने तो मुलूख हैराण झाला तेव्हा हीच रीत तिथे पसरली. आपल्याकडचे ‘पीक प्रात्यक्षिक’ तिचेच नातवंड. पैसे तिथेही आधीच बाजूला काढलेले होते, पण ते शेतकऱ्याला बांधण्यासाठी नव्हते, त्याची भीती जावी म्हणून होते. वरून उद्दिष्टाचा आकडा येतो आणि मार्चअखेर जवळ येते, तेव्हा आमच्या खात्यातही ‘पर्स्वेड’चे ‘प्रेस’ व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी अधिकाऱ्याला सरळ विचारावे, ‘साहेब, तोटा आला तर कोणाचा?’ प्रश्नाचा राग आला तरी उत्तर घेतल्याशिवाय सोडू नये.

आग्रहाला आणि सक्तीला माझ्या वहीत आतापर्यंत जमलेले शब्द असे: गळ घालणे, भीड घालणे, भरीस पाडणे, गळी उतरवणे, मिनतवारी, मनधरणी, तगादा, रेटा, दडपण, बळजबरी. कोकणात, मराठवाड्यात, वऱ्हाडात, गोव्यात याहून वेगळे शब्द नक्की असतील. विशेषतः आगाऊ पैशासाठी तुमच्याकडे ‘उचल’ म्हणतात, ‘इसार’ म्हणतात, ‘विसार’ म्हणतात की आणखी काही, हे पोस्टकार्डावर साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवा. गावाचे व तालुक्याचे नाव लिहा, आणि शब्द कोणत्या व्यवहारात वापरतात तेही लिहा.